घंटा वाजायच्या आधी : मुंबई अग्निशमन दलाच्या तपासणीची वाटचाल

मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर अग्निशमन दलाचं नाव काढून बघा. त्याला लाल बंबाच्या आधी 'फॉर्म बी' आठवेल. जानेवारी आणि जुलै जवळ आले की कमिटीच्या बैठकीत विषय निघतो, खजिनदार मागचं बिल काढून दाखवतो, "सहा महिन्यांपूर्वीच तर केलं होतं" असं कुणीतरी म्हणतंच, आणि एजन्सीच्या माणसाला फोन लावायचं काम फिरून सेक्रेटरीच्याच गळ्यात पडतं. घंटा वाजवत रस्त्याने धावणाऱ्या दलाचा या कागदाशी संबंध कधी आणि कसा आला, हे सांगायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं. आग लागल्यावर धावायचं, हे दल आधी शिकलं. आग लागायच्या आधी इमारतीत शिरून आत काय आहे ते बघायला ते फार उशिरा शिकलं. आणि ते शिकून होतंय तोवर कायद्याने बघण्याची पहिली जबाबदारी उचलून मालकाच्या खांद्यावर ठेवली. आपण सध्या या तिसऱ्या टप्प्यात आहोत आणि बऱ्याच मालकांना त्याचा पत्ता नाही.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या बाजारात आग लागली. लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, माल ठासून भरलेली दुकानं. कोटाचा मोठा भाग जळून गेला. कंपनी सरकारने त्यानंतर जे केलं तो मुंबईतला आगीच्या भीतीने घेतलेला पहिला मोठा बांधकामविषयक निर्णय म्हणता येईल. तटाबाहेरची मोकळी जागा वाढवली आणि दाटी कमी करण्यासाठी लोकांना कोटाबाहेर घरं बांधायला लावली. त्यातून काळबादेवी, भुलेश्वर या बाजूची वस्ती वाढली. दाटी टाळायला म्हणून वसलेले हे भाग पुढे शंभर वर्षांत शहरातले सर्वांत दाट भाग झाले. काळबादेवीचं नाव या हकिकतीत पुन्हा येणार आहे.

पुढची काही दशकं आग विझवणं हे पोलिसांचं जोडकाम होतं. घोडे जोडलेले बंब होते, माणसं होती, पण स्वतंत्र खातं नव्हतं. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीवित-वित्ताचं रक्षण हे पालिकेचं काम ठरवलं. लंडनच्या दलातले निकोल्स १८९०मध्ये मुंबईच्या दलाचे प्रमुख होऊन आले, १९०७मध्ये मोटारीवरचा पहिला बंब आला, आणि स्वातंत्र्यानंतर एम. जी. प्रधान यांच्या रूपाने दलाला पहिला भारतीय प्रमुख मिळाला. पराक्रमाच्या या इतिहासावर दलाने स्वतः आणि इतरांनीही भरपूर लिहिलं आहे. तपासणीच्या दृष्टीने मात्र या काळात सांगण्यासारखं थोडकंच घडलं. १८८८च्या त्याच अधिनियमात ज्वालाग्राही माल साठवायला आणि धोकादायक धंदे चालवायला परवाना लावणारं कलम ३९४ आहे. परवाना द्यायचा तर जागा बघायला हवी, म्हणून कुणीतरी जाऊन बघायचं, अशी ती सुरुवात.

घरांत शिरून बघण्याची सवय मुंबईच्या कारभाराला आगीने लावली नाही, ती प्लेगने लावली. १८९६मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि उजेड-वारा नसलेल्या खोल्यांची मोजदाद सुरू झाली. १८९८मध्ये आलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दोन इमारतींमधलं अंतर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने ठरवायचा नियम रूढ केला. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतूनही आभाळ दिसावं हा त्यामागचा हिशेब. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या खुनात झाला. सरकारी माणूस घर तपासायला येतोय म्हटल्यावर आपल्याकडे दार अर्धंच उघडतं, त्याची मुळं इतकी मागे जातात असं मला वाटतं. आजही 'इन्स्पेक्शन' म्हटलं की घरमालकाच्या डोक्यात पहिला विचार 'काय दुरुस्त करायचं' हा नसतो, 'काय झाकायचं' हा असतो.

मग १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीला चढवलेले कापसाचे हजारो गठ्ठे होते. कापूस दुपारी धुमसायला लागला. दलाचे जवान जहाजावर चढून पाणी मारत राहिले, आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण गेले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. शौर्याबद्दल दुमत नाहीच. पण तपासणीच्या अंगाने बघितलं तर त्या दिवसाचा प्रश्न वेगळा होता : कापूस आणि दारूगोळा एका जहाजात, एकाच्या शेजारी एक ठेवायला परवानगी दिली कुणी, आणि ते जहाज शहराला खेटून उभं राहिलं कसं? आग लागल्यानंतर विचारून या प्रश्नाचा काही उपयोग नसतो. सप्ताहात शाळांमधून जी प्रात्यक्षिकं होतात त्यांत होज आणि शिड्या असतात, हा प्रश्न सहसा नसतो.

साठ-सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंट, कफ परेड, मलबार हिल इथे उंच इमारती उठू लागल्या आणि दलापुढे गणिताचा प्रश्न आला. शिडी जिथे संपते त्याच्या वरच्या माणसाचं काय? १९७०मध्ये देशाची पहिली राष्ट्रीय इमारत संहिता आली, तिच्यात आगीवर स्वतंत्र भाग होता. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने २४ मीटरच्या वरच्या इमारतींसाठी वेगळे नियम लावले : पाणी वर नेणारा वेट रायझर, आगीसाठी राखीव टाकी, वेगळा पंप, जिना धुरापासून वाचवणारे दरवाजे, बंब फिरेल एवढी मोकळी जागा, आणि ठरावीक मजल्यांवर उघडा सोडलेला रिफ्युज एरिया. याचा सरळ अर्थ असा होता की उंच इमारतीने आपली आग पहिली काही मिनिटं स्वतःच सांभाळायची. दलाने पुढे ९० मीटरची शिडीही आणली. पण ९० मीटर म्हणजे जेमतेम तीस मजले, आणि मुंबईत आता त्याच्या दुप्पट उंचीचे टॉवर आहेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा जीव बंबापेक्षा बिल्डरने बसवलेल्या आणि सोसायटीने सांभाळलेल्या पंपावर जास्त अवलंबून आहे, हे फ्लॅट बुक करताना कुणी सांगत नाही.

हे झालं नव्या इमारतींचं. जुन्या इमारतींची कथा वेगळ्या खात्यांतून चालू होती. पागडीच्या चाळी कोसळायला लागल्या तेव्हा १९६९मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि सरकारने दुरुस्ती करायची, अशी ती योजना. त्या वेळी १९,६४२ इमारती तिच्यात आल्या. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते ती त्याच्याकडून. पालिकेची यादी वेगळी. तिच्यात सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. या अक्षरांनी किती कुटुंबांची झोप उडवली आहे ते लालबाग-परळमध्ये विचारावं. मालकाच्या इंजिनिअरने सी-१ म्हणायचं, भाडेकरूंच्या इंजिनिअरने सी-२बी म्हणायचं, आणि प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचं, हा नित्याचा प्रकार. इथे तपासणी ही काँक्रीटची राहतच नाही. पुनर्विकासात कोणाला किती मिळणार, याची ती पहिली फेरी होते.

सोसायटीच्या मालकीच्या इमारतींना १८८८च्या अधिनियमातलं कलम ३५३बी लागू होतं. राज्यातल्या इतर महापालिकांना त्यांच्या अधिनियमातलं २६५अ. इमारत तीस वर्षांची झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यायची, दाखला द्यायचा आणि पुढे दर दहा वर्षांनी तेच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचं वेळापत्रक मात्र निराळं आहे : १५ ते ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. बरेच सेक्रेटरी या दोन आकड्यांत गोंधळतात आणि गोंधळ मिटेपर्यंत काहीच करत नाहीत. उपविधीतलं वेळापत्रक पाळलं तर पालिकेचं आपोआप पाळलं जातं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दुसरी गोष्ट, ऑडिट म्हणजे इंजिनिअरने खाली उभं राहून वर बघणं असं नव्हे. हातोडीच्या उसळीवरून काँक्रीटचा पृष्ठभाग बघतात, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी बघतात, सळईला गंज चढतोय का ते बघतात, संशय असेल तिथे नळकांडं काढून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवालात या चाचण्यांचे आकडे आणि त्या कुठल्या खांबावर केल्या त्याचा नकाशा नसेल, तर अहवाल परत करायचा अधिकार कमिटीला आहे.

इमारत आतून कशी मरते याची दोन उदाहरणं शहराने बघितली आहेत. २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ जण गेले. ती इमारत पालिकेचीच होती आणि आत राहत होते ते पालिकेचेच कर्मचारी. २५ जुलै २०१७ला घाटकोपरची साईदर्शन पडली, १७ जण गेले. तिथे तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि आरोप होता खांबांना हात लावल्याचा. शेजाऱ्याच्या घरात ड्रिल मशीन दोन दिवस सलग चाललं की आपण फक्त आवाजाची तक्रार करतो. त्याने कमिटीकडे नकाशा दिला आहे का, आणि तो नकाशा कुणी बघितला आहे का, हे विचारायला संकोच वाटतो.

आगीच्या बाजूने मोठा बदल आला तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या लांबलचक नावाच्या कायद्याने. तो डिसेंबर २००८पासून लागू झाला, नियम २००९मध्ये आले. तोवर दल नवीन इमारतीला ना-हरकत द्यायचं आणि मग त्या इमारतीशी त्याची गाठ बहुधा आग लागल्यावरच पडायची. मधल्या वीस-तीस वर्षांत पंप चालतो का, पाणी आहे का, होज पाइप उंदरांनी खाल्ले का, याची जबाबदारी कुणाची ते धूसर होतं. कलम ३ने ती मालकावर आणि भोगवटादारावर टाकली. यंत्रणा बसवताना परवानाधारक एजन्सीचा दाखला, तो फॉर्म ए. पुढे दर जानेवारीत आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, तो फॉर्म बी. दलाला कधीही येऊन तपासायचा अधिकार आहे. त्रुटी सापडल्या तर कलम ६ची नोटीस येते. धोका तातडीचा असेल तर कलम ८खाली वीज-पाणी तोडून जागा सील करता येते. शिक्षेत दंडाबरोबर तुरुंगवासही आहे. मुंबईसारख्या महापालिकेत हे सगळं मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याच्या हाती, आणि एजन्सीला परवाना द्यायचं काम महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांकडे.

कागदावर हा कायदा चोख आहे. त्याची परीक्षा होते ती गच्चीवर आणि पंपरूममध्ये.

एजन्सीचा माणूस येतो तेव्हा एकदा त्याच्याबरोबर फिरून बघावं. नीट तपासणी तळापासून सुरू होते. पंपरूममध्ये तीन पंप दिसतात. एक छोटा जॉकी पंप, जो पाइपमधला दाब कायम धरून ठेवतो. एक मोठा मुख्य पंप. आणि वीज गेली तर चालणारा डिझेलचा. पॅनेलवर तिघांचेही सिलेक्टर 'ऑटो'वर असायला हवेत. निम्म्या इमारतींत ते 'मॅन्युअल'वर किंवा बंदच असतात, कारण मागे कधीतरी जॉकी सारखा सुरू होत होता आणि वॉचमनने वैतागून बंद केला. जॉकी सारखा सुरू होतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती काढायच्या ऐवजी पंप बंद केला की आवाज थांबतो आणि इमारत उघडी पडते. तिथून वर जाताना प्रत्येक मजल्यावरची होज बॉक्स उघडायची. आत होजच्या गुंडाळ्या आणि पुढची पितळी तोटी असायला हवी, जवान तिला 'ब्रँच' म्हणतात. पितळेला भाव असतो, त्यामुळे ती बऱ्याचदा नसते. इलेक्ट्रिकच्या डक्टमध्ये रद्दी, जुने बूट, दिवाळीचे कंदील. जिन्याच्या फायर दरवाजाला कुंडीचा टेकू, कारण दार आपोआप बंद होतं आणि हातात पिशव्या असल्या की त्रास होतो. रिफ्युज एरियात सायकली, कुणाचं तरी लग्नाचं सामान, एखाद्या ठिकाणी चक्क जिमची मशिनं. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावर काटा हिरव्यात आहे का आणि तारीख कोणती आहे, एवढं तर सातवीतलं पोरही बघू शकतं.

आणि शेवटी गच्ची. सर्वांत वरचा व्हॉल्व्ह उघडायचा. दाब पडला की खाली जॉकी सुरू व्हायला हवा, त्याला झेपलं नाही की मुख्य पंप आपोआप घेतो, आणि वर पाणी साडेतीन किलोच्या आसपास दाबाने यायला हवं. ही चाचणी फार वेळ घेत नाही. पण गच्ची ओली होते, कुणाच्या तरी सुकत घातलेल्या पापडांवर पाणी उडतं, आणि वॉचमनला चार मजले खाली-वर करावं लागतं. म्हणून ती होत नाही. फॉर्म बीवर सही मात्र होते.

९ मे २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. १८०३नंतर वस्तीने ज्या दिशेला सरकायचं ठरवलं त्याच भागात, तशाच गल्लीत. इमारत कोसळली तेव्हा दलाचे अधिकारी आत आणि लगत होते. संजय राणे आणि महेंद्र देसाई गेले, आणि नंतर उपचार चालू असताना सुधीर अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर. एका आगीत आपला प्रमुख गमावलेलं दल त्यानंतर तेच राहिलं नाही, असं दलातली माणसं सांगतात. जुनी लाकडी इमारत, वायरींचं जाळं, आत माल, आणि इमारत किती वेळ उभी राहील याची कुठलीच नोंद हाताशी नाही. आगीची तपासणी आणि इमारतीच्या मजबुतीची तपासणी ही दोन खात्यांची दोन कामं आपण इतकी वर्षं वेगळी ठेवली, त्याची किंमत आत शिरणाऱ्या जवानाने मोजली.

२०१७च्या २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ जण गेले, त्यातले बरेच गुदमरून. शहर हादरलं ते मरणाऱ्यांच्या वयामुळे आणि ठिकाणामुळे, हे कबूल करायला हवं. अकराच दिवसांपूर्वी साकीनाक्याला फरसाणच्या दुकानात आगीत १२ कामगार गेले होते, त्याची एवढी चर्चा झाली नाही. कमला मिलनंतर पालिकेने दुसऱ्याच दिवशी शहरभर हातोडे फिरवले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांची जनहित याचिका उभी राहिली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती अ. वि. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. टिकाऊ बदल एक झाला. २०१८मध्ये पालिकेने अग्निसुरक्षेच्या तपासणीसाठी विभागवार कक्ष उभे केले. आग विझवणाऱ्या माणसानेच फावल्या वेळात हॉटेलं तपासायची ही जुनी पद्धत निदान तत्त्वतः संपली. तपासणी हे पूर्ण वेळेचं काम आहे, एवढं मान्य व्हायला दलाच्या इतिहासातली शंभराहून जास्त वर्षं गेली.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चार जण गेले. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजाऱ्यांना ओलं कापड नाकाशी धरायला लावलं आणि बरेच जण वाचले. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. मुलीचं कौतुक झालं ते योग्यच. पण एका मुलीच्या आठवणीवर टॉवरचा भरवसा असावा, ही गोष्ट कमिटीतल्या मोठ्यांना लाजवणारी होती.

मुंबईबाहेर हाच धडा रुग्णालयांत गिरवला गेला. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. ऑडिट म्हणजे काय बिघडलं आहे त्याची यादी. यादी झाल्यावर दुरुस्तीचे पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे ते ठरेपर्यंत आग थांबत नाही.

आता मालकाच्या बाजूने थोडं. नवीन इमारत असेल तर वास्तुविशारद नकाशे इमारत प्रस्ताव विभागात टाकतो, दल आपल्या अटी घालून पहिली ना-हरकत देतं, बांधकाम झाल्यावर फॉर्म ए घेऊन प्रत्यक्ष पाहणी होते, अटी पूर्ण असतील तर अंतिम ना-हरकत मिळते, आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. बिल्डर मधेच ताबा देऊन मोकळा झाला तर शेवटचे दोन टप्पे राहून जातात. रहिवासी ओसीशिवाय राहतात, पाण्याचे जादा पैसे भरतात, आणि अंतिम ना-हरकत नसलेल्या यंत्रणेचा फॉर्म बी काढत राहतात. अशा सोसायटीने आधी जुनी पहिली ना-हरकत शोधून काढावी. तिच्यात दलाने कोणत्या अटी घातल्या होत्या त्याची यादी असते. ती यादी घेऊन इमारतीत फिरलं की बिल्डरने काय खाल्लं ते एका तासात कळतं. जुना दाखला सापडत नसेल तर माहिती अधिकारात मागता येतो. हॉटेल, क्लास किंवा नर्सिंग होम चालवणाऱ्यालाही परवान्याच्या नूतनीकरणासाठी दलाचा दाखला लागतो. तो शेवटच्या आठवड्यात एजंटामार्फत 'करून' घेण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी स्वतः अर्ज केलेला स्वस्त पडतो आणि जागाही खरोखर तपासली जाते.

या सगळ्या व्यवस्थेत मला एक दोष मूळचा वाटतो. ज्याची तपासणी करायची तोच तपासणाऱ्याचं बिल देतो. सोसायटी तीन कोटेशनं मागवते, सगळ्यांत कमीचं घेते. कमी कोटेशनवाल्याने गच्चीपर्यंत चढावं ही अपेक्षा कोण कशाच्या जोरावर करणार? एजन्सीला परवाना देणारा संचालक कलिन्याला बसतो, दाखला जातो स्थानिक दलाकडे, आणि खोटा दाखला उघडा पडतो तो बहुतेक वेळा आग लागल्यावर. दलाने दर सहामाही आलेल्या फॉर्मपैकी काही इमारती चिठ्ठी टाकून निवडाव्यात, अचानक जाऊन गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडावा आणि निकाल एजन्सीच्या नावासकट जाहीर करावा. त्याला नवा कायदा लागत नाही, आहे त्या कायद्यातलं तपासणीचं कलम पुरतं. मनुष्यबळ अपुरं आहे हे खरं. पण मूठभर इमारतींची अशी तपासणी झाली तरी बाकीच्या एजन्सी जिना चढायला लागतील.

तोपर्यंत काम आपल्याकडे आहे. येत्या जानेवारीत किंवा जुलैमध्ये एजन्सीचा माणूस आला की त्याचा परवाना चालू आहे का ते अग्निशमन संचालनालयाच्या यादीत बघा. कमिटीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर पंपरूमपासून गच्चीपर्यंत जा. जॉकी, मुख्य आणि डिझेल, तिन्ही पंप समोर सुरू करून घ्या, वरचा व्हॉल्व्ह उघडायला लावा, दाबाचा आकडा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सिलेक्टर 'ऑटो'वर आहेत हे स्वतः बघून पंपरूमला कुलूप लावा. सही त्यानंतर करा.